पाळण्याची उंची

धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे गोरोबाकाकांचं गाव. बायको लेकराला अंगणात ठेवून पाण्याला गेली, काका चिखल तुडवताना विठ्ठलनामात रंगले आणि रांगत आलेलं लेकरू पायाखाली गेलं, ही त्यांची कथा इथं लहानथोरांना ठाऊक आहे. कीर्तनात ती भक्तीची कथा म्हणून सांगतात. बाळंतिणीच्या नजरेनं ऐकली, तर ती जमिनीवर ठेवलेल्या लेकराची कथा आहे. घरात काम चालू असताना लेकरू ठेवायचं कुठं?

पाळणा हे त्याचं उत्तर. हिंदोळा, झोका, झुला ही नावं हलण्या-डुलण्याशी जोडलेली. पाळण्याचं नाव मात्र ‘पाळणे’ या क्रियापदाचं, म्हणजे सांभाळण्याचं, वाढवण्याचं. मागे संस्कृत ‘पालन’ उभं आहे. हिंदीतही तो पालनाच.

या वस्तूची सगळी करामत जमीन आणि लेकरू यांच्यामधल्या दोन-तीन हातांच्या अंतरात आहे. मुंग्या, विंचू, ओल, कुत्रं, आणि कामात गढलेल्या माणसाचा पाय, सगळं त्या अंतराखाली राहतं. पाळण्याला बांधलेली दोरी आईच्या पायाच्या अंगठ्यात, आणि हात धान्य निवडायला मोकळे.

बाराव्या दिवशी बारसं होतं. आत्या कानात नाव सांगते. पण अनेक घरांत त्याआधी पाळण्यात निजतो तो वरवंटा, कुंची घालून नटवलेला. या रूढीचे अर्थ बरेच सांगतात. एक गोष्ट मात्र तिच्यात आपोआप साधते: जवळपास लेकराएवढ्या वजनाचा दगड आधी दोरीला आणि कडीला लागतो, लेकरू नंतर.

कडी असायची तुळईला. मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे माळवद: जाड दगडी भिंती, लाकडी खांब, तुळया आणि वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे याच भिंती आणि हीच माती झोपलेल्या माणसांवर कोसळली. किल्लारीच्या त्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. सास्तूरसारखी गावं पडली. पुनर्वसनात नवी घरं उभी राहिली. स्लॅबच्या घरात तुळई नसते, आणि कडी स्लॅब ओततानाच घालावी लागते. ती राहून गेली, की पाळणा पंख्याच्या हुकाला टांगायचा किंवा स्वतःच्या पायांवर उभा असलेला आणायचा. यातला दुसरा मार्ग केव्हाही बरा.

ज्यांचं घरच सहा महिने फिरतीवर असतं, त्यांची गोष्ट निराळी. भूम, परंडा, कळंब, वाशीकडून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतात. फडाच्या कडेला बाभळीला किंवा बैलगाडीखाली लुगड्याची झोळी बांधतात आणि लेकरू तिच्यात. तिला अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं आहे. उघड्या रानात तिच्याइतकं लवकर तयार होणारं आणि विंचवापासून वर राहणारं दुसरं काय आहे? तिचा दोष आकारात आहे. कापड मधोमध खोल जातं, कोवळ्या मानेच्या लेकराची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. मोठी भावंडं तिच्यात गिरक्या घेत खेळली, तर कापडाला पीळ बसून गळ्याला फास लागतो. लेकरू झोळीत असेल तेव्हा कुणाची तरी नजर हवीच, आणि कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर, आल्यावर रात्री ते सपाट जागी निजवावं.

सपाट जागी पाठीवर निजवण्याचं महत्त्व जगालाही उशिराच कळलं. अमेरिकेत १९९४ साली ‘बाळाला पाठीवर निजवा’ अशी मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतले अचानक बालमृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्याआधी, १९७३मध्ये, तिथं पाळण्याच्या गजांमधलं अंतर सुमारे ६ सेंटीमीटरांच्या आत बांधून दिलं होतं. फट मोठी असली, की लेकराचं अंग पायांकडून निसटतं आणि डोकं अडकतं. एक बाजू खाली सरकणारे पाळणेही २०११ साली विक्रीतून गेले, कारण बाजू निखळून फटी पडत होत्या.

धाराशिवच्या बाजारात पाळणा घेताना हेच पाहायचं. गजांमध्ये मोठ्या माणसाची तीन बोटं कशीबशी जावीत. गादी घट्ट, चारी बाजूंना कठड्याला भिडलेली. डोक्याला गोल आकार यावा म्हणून आजी हौसेनं शिवते ती मोहरीची उशी आणि दुपट्यांची चळत पाळण्याबाहेर. आजीला हे सांगणं जड जातं. तिचं दुपटं मांडीवर घेताना वापरावं. पाळण्यावर टांगायचं चिमणाळं लेकराचा हात पोचणार नाही इतकं उंच.

लेकरू हातांवर जोर देऊन उठू लागलं, की टांगता पाळणा उतरवतात. पितळी कड्या पुसून, फडक्यात बांधून ठेवतात, पुढच्या बाळंतपणासाठी. दोरी मात्र दर वेळी नवी घ्यायची.