पोट मोकळं सोडा

चिकलठाणा एमआयडीसीत पाळीभर उभं राहून काम करणाऱ्यांना कंबरदुखी नवी नाही. 'गादी सरकलीय', 'मणक्यात गॅप आलाय' असं सांगत माणूस दवाखान्याच्या पायऱ्या झिजवतो. गोळ्या, पट्टा, व्यायाम सगळं करून झाल्यावर कधीतरी शस्त्रक्रिया ठरते. भूल दिल्यावर त्याला पालथं करतात, पण पोटावर झोपवत नाहीत. छातीखाली आणि कमरेच्या हाडांखाली जाड उशा लावतात. पोट मधल्या मोकळ्या जागेत लोंबतं. चीर देण्याआधी कुणीतरी खाली हात घालून ते खरंच सुटं आहे ना, हे चाचपून पाहतं. या साध्या कृतीला पोचायला जवळपास दीडशे वर्षं लागली.

तिची कुळकथा सुरू होते पॅरिसमध्ये. झिल्बेर ब्रेशे या शरीरशास्त्रज्ञानं १८१९ मध्ये कण्यातल्या शिरांवर प्रबंध लिहिला, पुढं त्यांची देखणी चित्रंही छापली. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर, हाडाच्या नळीत पातळ भिंतींच्या शिरांचं जाळं असतं, ते त्यानं नीट दाखवलं. मग शंभरेक वर्षं हे जाळं ग्रंथातच राहिलं.

१९३४ मध्ये अमेरिकेत मिक्स्टर आणि बार या सर्जननी सरकलेली चकती, म्हणजे रुग्ण जिला 'गादी' म्हणतो ती, काढून पायाचं दुखणं थांबवता येतं, हे मांडलं. सर्जन आता थेट त्या जाळ्यात शिरू लागले आणि रक्त आवरेना. मज्जातंतूच्या मुळाला लागून शीर फुटली की समोरचं काहीच दिसत नाही.

कारण उलगडलं ते भलत्याच प्रश्नातून. प्रोस्टेटचा कर्करोग फुप्फुसं सोडून कण्यातच का उतरतो, हे ऑस्कर बॅटसन हा शरीरशास्त्रज्ञ फिलाडेल्फियात शोधत होता. मृतदेहाच्या शिश्नावरच्या शिरेत त्यानं क्ष-किरणात दिसणारं द्रव्य सोडलं. ते कण्यात चढलं. १९४० च्या त्याच्या निबंधाचं सार असं: या शिरांना झडपा नाहीत, रक्त दोन्हीकडे वाहू शकतं. पोटावर दाब आला की पोटातली महाशीर दबते आणि रक्त कण्याच्या जाळ्यात घुसतं. जालना रोड तुंबला की वाहनं गल्लीबोळांत शिरतात, तसंच.

उपाय आपसूक पुढं आला: पोटावर दाब येऊ द्यायचा नाही. १९४९ मध्ये एकर या सर्जननं रुग्णाला गुडघ्यांवर टेकवायची स्थिती सुचवली. १९६७ मध्ये टोरांटोचे भूलतज्ज्ञ रेल्टन आणि अस्थिशल्यविशारद हॉल यांनी चार उशांची चौकट केली. भूलतज्ज्ञाचं नाव आधी येतं, हे मला फार योग्य वाटतं. शिरेतला दाब रोज त्याच्याच नजरेखाली असतो.

आपल्याकडं डॉ. प्रेमानंद रामाणी यांनी मुंबईत पाठीमागून दोन मणके जोडण्याची शस्त्रक्रिया रुजवली. तिची वाटही याच जाळ्यातून जाते.

पोटाकडून कण्यापर्यंत जायचं, तर कसोटी वेगळी. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती गाठताना डावी मोठी शीर बाजूला सारावी लागते आणि तिला मागून इलिओलंबर शीर धरून असते. आधी ती बांधून कापली नाही, तर ओढताना तुटते आणि तिचं टोक आत सरकतं. कुणात ती एक, कुणात दोन. म्हणून शवविच्छेदनाच्या टेबलावर एक देह पाहून भागत नाही; देहदानाचा प्रत्येक नवा देह ती शीर वेगळ्या जागी दाखवू शकतो.