वर्तमानाचा धर्म : ‘स्मृतिचित्रे’तील काळाची जाणीव

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची (१९३४–३६) चर्चा मराठी समीक्षेत मुख्यतः निरागस विनोद, अकृत्रिम निवेदन आणि विलक्षण सहजीवन या अंगांनी झाली आहे. ही चर्चा अयथार्थ नाही. मात्र या आत्मचरित्रातील काळाची जाणीव तिच्यातून निसटते. सोडलेला भूतकाळ आणि आश्वासिलेले भविष्य यांच्यामध्ये ख्रिस्ती माणसाने आजचा दिवस कसा जगावा, या प्रश्नाचे उत्तर येथे सिद्धान्तातून नव्हे, तर निवेदनरीतीतून मिळते.

धर्मांतराचे आत्मकथन बहुधा आयुष्य दुभंगून मांडते. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’चे (१८८८) शीर्षकच बोलके आहे : अंधार सरतो, उजाडते. अशा रचनेत पूर्वायुष्याला स्वतंत्र अर्थ उरत नाही; नंतरच्या प्रकाशात ते केवळ पूर्वतयारी ठरते.

‘स्मृतिचित्रे’ची रीत वेगळी आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. त्या बातमीने लक्ष्मीबाईंवर कोसळलेले दुःख आणि पुढील वियोगाची वर्षे त्या सुमारे चार दशकांनंतर लिहितात, तेव्हा त्या स्वतः ख्रिस्ती आहेत. तरीही तेव्हाचा आकांत त्या अज्ञान म्हणून निकालात काढत नाहीत; नंतरची श्रद्धा आधीच्या ‘मी’ला उसनी देत नाहीत. प्रत्येक क्षण आपापल्या वजनानिशी उभा राहतो.

पतीकडे परतल्यावरही त्यांनी सोवळेओवळे काही काळ कसोशीने पाळले. पुढे राहुरीच्या वास्तव्यात, माणसामाणसांतील भेद देवाने केले की माणसाने, या प्रश्नाशी त्या थांबल्या आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आचार आधी बदलला, विधी मागून आला. एरवी आत्मकथेचा मध्यबिंदू ठरावा असा विधी येथे दैनंदिन जगण्याच्या ओघात सामावतो.

उद्याची चिंता न करण्याचा डोंगरावरील प्रवचनाचा उपदेश टिळकांनी जवळजवळ शब्दशः आचरला. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोहोचलेल्या या कवीच्या ठायी वारकरी वैराग्य आणि शुभवर्तमान एकजीव झाले होते. पगार, अहवाल आणि शिस्त यांवर उभी असलेली मिशनची व्यवस्था त्यांना अपुरी वाटू लागली; १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ आरंभला.

परंतु एकाने उद्याचा विचार सोडला की आजच्या पिठामिठाचा विचार दुसऱ्या कोणाला तरी करावा लागतो. लक्ष्मीबाईंचे वर्तमान हे असे आहे. पाने वाढतात, डबे रिकामे होतात, आणि दारी आलेला परत पाठवायचा नसतो. त्यांच्या लेखी वर्तमानात जगणे म्हणजे निश्चिंतता नव्हे. आज समोर असलेल्या माणसाचे उत्तरदायित्व होय. पतीच्या श्रद्धेविषयी आदर आणि तिची घराने मोजलेली किंमत, या दोहोंचे एकाच वेळी राखलेले भान म्हणजे त्यांचा विनोद. त्याला केवळ निरागस म्हणणे म्हणजे त्यामागील विचार नाकारणे होय.

अर्थात, हे वर्तमान स्मृतीने घडविलेले आहे, याचा विसर पडता कामा नये. प्रसंगांची निवड वृद्ध लेखिकेची आहे, आणि अनेक प्रसंगांना वारंवार सांगितलेल्या गोष्टींचा घाट आलेला दिसतो. तथापि नंतरचे शहाणपण दूर ठेवण्याचा संयम हीच येथे कलादृष्टी आहे आणि धर्मदृष्टीही.

टिळक १९१९ मध्ये निवर्तले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. शालेय शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. याकडे पतीचे स्मारक म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. ‘स्मृतिचित्रे’तील काळाची जाणीव लक्षात घेतली, तर ते हाती आलेले आजचे काम ठरते.