दगडाच्या पोटातील अस्सल कागद

श्रोतेहो, बखर आणि अस्सल कागद यांतील भेद आपणांस ठाऊक आहेच. बखर मागाहून रचली जाते. कागद त्या त्या वेळी लिहिलेला असतो. समुद्रतळाखालील खडकांतही असे अस्सल कागद आहेत. ते हाती कसे आले आणि त्यांची लिपी कशी लागली, एवढेच आज सांगावयाचे आहे.

पृथ्वीच्या कवचाखाली प्रावरण आहे. तेथील खडक मिळवावा म्हणून १९६१ साली अमेरिकनांनी मेक्सिकोच्या ग्वादलूप बेटाजवळ साडेतीन हजार मीटर पाण्याखालचा तळ पोखरला. भोक गेले अवघे १८३ मीटर. प्रावरण कित्येक किलोमीटर खालीच राहिले. १९६६ साली ती योजना गुंडाळली गेली.

परंतु जे खणून मिळाले नाही, ते निसर्गाने काही ठिकाणी आपणहून वर आणून ठेवले होते. अटलांटिकच्या मध्यावर समुद्राखाली जी पर्वतरांग आहे, तीत मोठमोठ्या भूभंगांमुळे प्रावरणाचा खडक तळापर्यंत उचलला गेला आहे. तेथील अटलांटिस मॅसिफ या पर्वतावर डिसेंबर २००० मध्ये संशोधकांना ध्यानीमनी नसता कोमट पाण्याच्या झऱ्यांवर उभे राहिलेले पांढरे मनोरे दिसले. त्यांतील एक साठ मीटर उंच! त्या स्थळाचे नाव त्यांनी ‘हरवलेले शहर’ असे ठेवले. २०२३ साली त्याच पर्वतात १,२६८ मीटर खोल छिद्र घेऊन प्रावरणाचा खडक वर काढण्यात आला.

आता लिपीकडे वळू. समुद्राचे पाणी भेगांतून शिरून ऑलिव्हीन या हिरवट खनिजाला भिडते. त्याचे सर्पेंटाइन होते. लोह पाण्यातील ऑक्सिजन घेते आणि हायड्रोजन मोकळा होतो. या खडकात लोह, निकेल व गंधक यांचे पेंटलँडाइट नावाचे खनिज बारीक कणांनी विखुरलेले असते. हायड्रोजन फार झाला, की या कणांतील गंधक निघून जातो आणि लोह-निकेलची धातू मागे उरते. पुढे पाण्याचा ओघ वाढून हायड्रोजन ओसरला, म्हणजे गंधकाने समृद्ध खनिजे पुन्हा तयार होतात. १९८५ साली रोनाल्ड फ्रॉस्ट या भूशास्त्रज्ञाने ही संगती सविस्तर मांडली. तेव्हापासून एका कणावरून पाणी केव्हा जपून आले आणि केव्हा लोंढ्याने आले, हे सांगता येऊ लागले.

हा निव्वळ पंडिती विषय नव्हे. त्या हायड्रोजनवर सूर्यप्रकाशावाचून सूक्ष्मजीव जगतात. जीवसृष्टीचा उगमही अशाच ठिकाणी झाला असावा, असे कित्येक शास्त्रज्ञ मानतात. दुसरीकडे, समुद्रतळावर साठलेल्या गंधकी खनिजांतील तांबे, जस्त यांवर राष्ट्रांची दृष्टी गेली आहे. त्यांच्या शोधासाठी आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी भारताने २०१६ साली हिंदी महासागरात, तर पोलंडने २०१८ साली याच अटलांटिक रांगेत करार केला.

धातूंची गरज खोटी नाही. पण आपली कितीतरी दप्तरे कोणी वाचण्यापूर्वीच वाळवीने खाल्ली, याची हळहळ आपणांस अजून वाटते. तिथे वाळवीला बोल लावता आला. इथे तो कोणाला लावणार?