ऑथेल्लोचा उजळलेला वर्ण

एखाद्या पात्राचा वंश प्रयोगात बदलला की संहितेशी प्रतारणा झाल्याची तक्रार होते. संहिता स्थिर आणि रंगभूमी चंचल, हे त्या तक्रारीमागील गृहीतक. ऑथेल्लोच्या भूमिकेचा इतिहास त्याला छेद देतो. तेथे पात्राचा वर्ण उजळण्यात समीक्षेचा वाटा नटाच्या वाट्याहून कमी नाही.

शेक्सपिअरचा ऑथेल्लो स्वतःला काळा म्हणवतो; रॉडेरिगो त्याच्या जाड ओठांवरून त्याची हेटाळणी करतो. 'मूर' हा शब्द तेव्हा उत्तर आफ्रिकेतील अरबांना आणि कृष्णवर्णीय आफ्रिकनांना सरसकट लावला जाई, एवढीच काय ती संदिग्धता. अठराव्या शतकापर्यंत नट चेहरा काळा करूनच ही भूमिका करीत आणि त्यात कोणाला फारसे वावगे वाटत नसे.

1811 मध्ये चार्ल्स लॅम्बने मात्र असा विचार मांडला, की वाचताना ऑथेल्लोचे मन दिसते, रंगमंचावर त्याचा रंगच तेवढा दिसतो. म्हणून हे नाटक पाहण्यापेक्षा वाचावे. 1814 मध्ये ड्रूरी लेनच्या रंगभूमीवर एडमंड कीनने काजळी टाकून फिकट तपकिरी रंग स्वीकारला. काळ्या रंगाखाली मुद्राभिनय लोपतो, हे त्याचे समर्थन तांत्रिक होते. कोलरिजने त्याला तात्त्विक अधिष्ठान दिले : व्हेनिसच्या सुंदर कन्येने खऱ्याखुऱ्या निग्रोवर प्रेम करणे त्याला विपरीत वाटले, तेव्हा शेक्सपिअरला तसे अभिप्रेत असणेच शक्य नाही! संहितेतील शब्द समोर असताना समीक्षक आपली घृणा नाटककाराच्या नावावर जमा करतो, हे येथे उघड दिसते.

या सिद्धान्ताची कसोटी आयरा ऑल्ड्रिजने पाहिली. न्यूयॉर्कमध्ये 1807 साली जन्मलेल्या या कृष्णवर्णीय नटाने 1825 मध्ये लंडनमध्ये ऑथेल्लो केला. त्याच्या ओठांच्या ठेवणीमुळे त्याला इंग्रजी उच्चार जमणारच नाहीत, असा शेरा 'टाइम्स'ने मारला. रॉडेरिगोची भाषा प्रेक्षागारातून उमटली ती अशी. मार्च 1833 मध्ये कीन हीच भूमिका करताना रंगमंचावर कोसळला आणि एप्रिलमध्ये कोव्हेंट गार्डनला ऑल्ड्रिज उभा राहिला. वसाहतींतील गुलामगिरी संपविण्याचा वाद तेव्हा ऐन भरात होता. 'अथीनियम'ने एलन ट्री या अभिनेत्रीला त्याचा स्पर्श व्हावा यालाच शालीनतेच्या नावाने हरकत घेतली. दोनच प्रयोग झाले. रंग फासलेला हात चालत होता; अडचण न पुसता येणाऱ्या रंगाची होती.

पुढे युरोपभर ऑल्ड्रिजने नाव मिळविले. तेथे तो चेहरा गोरा रंगवून लिअर, मॅक्बेथ आणि शायलॉकही करीत असे. वर्णांतर उलट्या दिशेनेही होऊ शकते, याचा इतका ठळक दाखला असूनही इंग्रजी समीक्षेने त्याची दखल क्वचितच घेतली. 1867 मध्ये पोलंडमधील वूज येथे दौऱ्यावर असताना तो वारला.

ए. सी. ब्रॅडली अधिक प्रामाणिक. शेक्सपिअरच्या मनातील ऑथेल्लो काळाच होता, असा कौल त्याने 1904 मध्ये दिला. मात्र प्रत्यक्ष डोळ्यांना तो काळा दिसला तर रक्तातील तिटकारा कल्पनेवर मात करील, अशी शंका त्याने तळटीपेत नोंदविली. म्हणजे लॅम्बचाच मुद्दा, आता शरीरशास्त्राच्या भाषेत. 1930 मध्ये लंडनला पॉल रोबसनने पेगी अ‍ॅश्क्रॉफ्टसमवेत ही भूमिका केली. अमेरिकेत तो याच भूमिकेत ब्रॉडवेवर आला 1943 मध्ये. त्या नाटकाचे 296 प्रयोग झाले.