मेन्यूहिन यांचे व्हायोलिन आणि मुंबईचा वाद्यवृंद

व्हायोलिन महाराष्ट्रास आता परके राहिलेले नाही. मांडी घालून बसावे, वाद्याची मान पायाच्या घोट्यावर टेकवावी आणि गायकाच्या गळ्यामागून चालावे, ही त्याची आपल्याकडील रीत. गजाननराव जोशी आणि वाईस जन्मलेले वि. गो. जोग यांनी तेच वाद्य स्वतंत्र मैफलीच्या मानास चढविले. परंतु ज्या घरातून ते आले, तेथे त्याचे सर्वांत मोठे वैभव दिसते ते भरल्या गोतावळ्यात. साठ-सत्तर वादक, प्रत्येकापुढे लिहिलेली स्वरलिपी, समोर स्वतः एकही सूर न वाजविणारा संचालक, आणि त्याच्या डाव्या हाताशी उभा असलेला पाहुणा वादक. ध्वनिवर्धकाचे साह्य न घेता या पाहुण्याने आपला एकट्याचा सूर साऱ्या समुदायावर तरंगत ठेवावयाचा असतो.

असा पाहुणा १९५२ साली पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून मुंबईस आला. येहुदी मेन्यूहिन यांचा जन्म १९१६ सालचा, न्यूयॉर्कचा. वयाची तेरा वर्षे पुरी होण्याच्या आतच, १९२९ साली, बर्लिन येथे बाख, बेथोव्हन आणि ब्राम्स या तिघांच्या रचना त्यांनी एकाच रात्री वाजविल्या होत्या. हिंदुस्थानातील दौऱ्याचे उत्पन्न त्यांनी दुष्काळपीडितांच्या मदतीस दिले.

एकटा वादक आपले वाद्य घेऊन कोठेही जाऊ शकतो. वाद्यवृंद मात्र गावाने उभा करावयाचा असतो. मुंबईत ते काम मेहली मेहता या पारशी व्हायोलिनवादकाने १९३५ सालीच आरंभिले होते. त्यांच्या ‘बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा’त पगारी नोकर असे कोणी नव्हते. हौसेने वाजविणारे पारशी गृहस्थ होते. गोव्याच्या चर्चशाळांतून लहानपणीच स्वरलिपी शिकलेले, पोटासाठी हॉटेलांत आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत राबणारे गोमंतकीय वादक होते. फुंकवाद्यांची उणीव भरून काढण्यासाठी आरमाराच्या बँडकडे हात पसरावा लागे. दिवसभर बोलपटाच्या गाण्यांत वाजवून थकलेल्या बोटांनी सायंकाळी बेथोव्हनच्या तालमीस बसावयाचे, ही गोष्ट सोपी नव्हे. मेन्यूहिन यांचे नाव वृत्तपत्रांत ठळक छापून आले. या लोकांची नावे बहुधा कोठेच आली नाहीत. चित्रपटांच्या श्रेयनामावलीतही त्यांस क्वचितच स्थान मिळे. जे संगीत महाराष्ट्राच्या घराघरांत गुणगुणले गेले, त्याचा अर्धा भार ज्यांनी वाहिला, त्यांच्या वाट्यास आलेली ही उपेक्षा अन्यायाचीच म्हटली पाहिजे.

याच भेटीत पाहुण्यास पुण्याचा एक गुरू लाभला. सततच्या वादनाने शिणलेल्या मेन्यूहिन यांस योगासनांची गोडी आधीच लागली होती. नेहरूंसमोर त्यांनी शीर्षासनही करून दाखविले होते. मुंबईत बी. के. एस. अय्यंगार त्यांस भेटले. भेट ठरली होती पाच मिनिटांची. परंतु शवासनात मेन्यूहिन यांस अशी गाढ झोप लागली की ती लांबतच गेली. पुढे १९५४ साली त्यांनी अय्यंगारांस स्वित्झर्लंडला बोलाविले आणि एक घड्याळ भेट दिले. त्यावर कोरलेल्या अक्षरांत त्यांनी या योगशिक्षकास आपला सर्वश्रेष्ठ व्हायोलिनगुरू म्हटले आहे.

पाहुणा येतो तेव्हा घर आवरले जाते. तो गेल्यावर घराचे काय होते, हे पाहणेही इतिहासाचेच काम होय. तालमींच्या वेळी वडिलांच्या हाताखाली वावरणारा झुबिन १९५४ साली वैद्यकाचा विचार सोडून व्हिएन्नास संगीत शिकण्यास गेला. पाठोपाठ मेहली मेहतांनीही मुंबई सोडून मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात नोकरी धरली. ज्या नगरात सूतगिरण्यांस धनी मिळाले, तेथे साठ वादकांच्या मासिक वेतनाची तरतूद करणारा कोणी निघाला नाही. १९५८ साली अँथनी गोन्साल्विस या गोमंतकीय व्हायोलिनवादकाने झेवियर कॉलेजच्या प्रांगणात हिंदी आणि पाश्चात्य संगीताचा मेळ घालणारा मोठा वाद्यवृंद उभा केला. परंतु तोही टिकला नाही.

१९९४ साली झुबिन मेहता इस्राएल फिलहार्मोनिकसह मुंबईस आले. एकल वादक होते इट्झाक पर्लमन. या वेळी पाहुणा केवळ व्हायोलिनवादक नव्हता. सारा वाद्यवृंदच परका होता आणि मुंबईचा होता तो एकटा संचालक. मुंबईत व्यावसायिक वाद्यवृंद स्थापन होण्यास २००६ साल उजाडावे लागले, आणि त्याच्या खुर्च्या भरण्यासाठी पुष्कळसे वादक कझाकस्तानातून आणावे लागले.