काकाचा कॉम्प्युटर आणि लाल बटण

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरात पहिला कॉम्प्युटर १९९२ मध्ये आला. काकाने न्यू जर्सीहून आणलेला. तो परत गेल्यावर मुहूर्त केला. आजीने हळदकुंकू वाहिलं, दादाने इथली वायर जोडून बटण दाबलं आणि फाट्! धूर, जळका वास. बाबा एवढंच म्हणाले, "त्याला कळवू नका, जिवाला लावून घेईल."

रेडिओ दुरुस्तीवाल्यांनी उघडून दाखवलं. मागे छोटं लाल बटण होतं, ११५ आणि २३०. आमचं ११५ वर. दोनशे व्होल्टच्या कपॅसिटरांवर सव्वातीनशे पडले! फ्यूज आणि ते दोन गेले, बाकी वाचलं. मॉनिटर अजून जोडला नव्हता. त्याला बटणच नव्हतं, म्हणून विटेसारखा जड स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घेतला.

हा फरक जुना आहे. एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कला ११० व्होल्टच्या आसपास वीज दिली, अमेरिका त्याच वळणावर राहिली. युरोपने पुढे व्होल्टेज दुप्पट केलं. तेवढ्याच कामाला करंट निम्मा, तारांना तांबं कमी. इंग्रजांच्या मागोमाग आपणही तिकडेच गेलो.

बाबा गेले त्या वर्षी काका फोनवर म्हणाला, "बटण फिरवायचं सांगायला विसरलो, ते विमानात आठवलं. दादाने कधी विषय काढला नाही, मग मलाही विचारायचा धीर झाला नाही."

ट्रान्सफॉर्मर अजून माळ्यावर आहे. तुमच्याकडे?