हत्तीवरून साखर : आनंदाच्या एका वाक्प्रचाराचा इतिहास

१/ लासलगावच्या बाजार समितीत कांद्याला मनाजोगता भाव मिळाला, की शेतकऱ्याला आकाश ठेंगणे होते. इंग्रजीतला आनंदी माणूस ‘नवव्या ढगावर’ असतो किंवा ‘चंद्राच्याही वर’ जातो. दोन्ही भाषा आनंदाची उंची मोजतात. मराठीत मात्र आनंदाचा विस्तार मोजणारा वाक्प्रचारही आहे : हत्तीवरून साखर वाटणे.

२/ ही निव्वळ अतिशयोक्ती नव्हे. मराठी बखरींत आणि पत्रांत ‘खुशाली केली’, ‘तोफा सोडल्या’, ‘साखरा वाटल्या’ असे उल्लेख वारंवार येतात. गड जिंकला, पुत्र झाला, की साखर वाटली जाई.

३/ साखरच का? सामान्य घरात गोडासाठी गूळ असे. साखर महाग आणि अपूर्वाईची. आणि हत्ती का? हत्ती राजाच्या वा मोठ्या सरदाराच्याच पदरी असे. लासलगावशेजारचे विंचूर हे अशाच एका सरदार घराण्याचे ठाणे. त्यातील विठ्ठल शिवदेव विंचूरकर १७६१ साली पानिपतावर लढले होते.

४/ वर्तमानपत्रे नसलेल्या काळात हत्ती रस्त्याने निघाला, की वार्ता साऱ्या गावाला कळे. ज्याच्या हाती साखर पडली, तो त्या घटनेचा साक्षीदार ठरे.

५/ या साक्षीला राजकीय मोल होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर त्यांच्या पत्नी गंगाबाई यांना पुत्र झाला : सवाई माधवराव. रघुनाथरावांच्या पक्षाने त्या मुलाच्या खरेपणाविषयीच शंका उपस्थित केली. वारसाहक्कच पणाला लागलेला असताना जन्माचा जाहीर उत्सव हा राजकारणाचा भाग बनतो. आनंद जितका उघड, तितका दावा बळकट.

६/ या गोडव्याला दुसरी बाजूही आहे. साखर सरकारी खजिन्यातून येई आणि खजिना रयतेच्या शेतसाऱ्यावर भरे. म्हणजे हत्तीवरून उधळलेल्या साखरेत शेतकऱ्याचा घाम मिसळलेलाच होता. त्याच्या स्वतःच्या सुगीसाठी मात्र हत्ती कधी निघाला नाही.

७/ जहागिरी गेल्या, वाक्प्रचार उरला. अलीकडे महाराष्ट्रात मुलीच्या जन्मानिमित्त हत्तीवरून मिठाई वा साखर वाटल्याच्या बातम्या आल्या आहेत. एके काळी पुत्रजन्माची ग्वाही देणारी ही प्रथा आता कन्याजन्माचीही ग्वाही देऊ लागली आहे. शब्द जुनेच आहेत. कोणाच्या जन्माचा आनंद जाहीर करण्याजोगा मानायचा, याचे उत्तर बदलते आहे.